पाठमोरी शिकवणी

माझ्या सासऱ्यांनी मला झाळकाम शिकवलं ते माझ्याकडे पाठ करून. हे ऐकलं की लोकांना वाटतं आमचं भांडण असेल. भांडायला मी एकटी पुरेशी आहे, पण त्यांच्याशी भांडण कुणाचंच जमत नाही. कारण वेगळं होतं. कारण होता माझा पदर.

चंद्रपूर जिल्ह्यात, मूल शहराच्या अलीकडे, आठवडी बाजार भरतो अशा गावात आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला टिनाचं छप्पर, एक ऐरण, गॅसची दोन नळकांडी आणि मागे लगेच आमचं घर. ट्रॅक्टरचं रेडिएटर, सायकलची फ्रेम, फवारणीचा पंप, पितळेचे गुंड म्हणजे पाण्याच्या घागरी, पराती, जे जे गळतं आणि तुटतं ते इथं येतं. बारीक गळतीला रांग्याचा डाग द्यायचा, म्हणजे कथील आणि शिसं वितळवून भोक बुजवायचं. जिथं जोर पडतो, विस्तव लागतो, तिथं पितळी झाळ. म्हणजे ज्योतीवर धातू लाल करायचा आणि सांध्यात पितळेची कांडी पाघळवायची. हा फरक मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळला. तोवर मी दोन्हीला 'वेल्डिंग' म्हणायचे आणि तो शब्द ऐकला की सासऱ्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा.

त्यांचे डोळे ज्योतीनंच खाल्ले. तरुणपणी काळा चष्मा लावायची त्यांना लाज वाटायची, म्हणे सिनेमातला गुंडा दिसतो. साठी ओलांडली आणि ज्योतीच्या टोकाशी काय चाललंय ते दिसेनासं झालं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आतला पडदा गेला आहे, यापुढे नुसतं धूसर दिसेल, आता ज्योतीकडे बघायचं नाही. त्या दिवशी ते घरी आले आणि अंगणातल्या खाटेवर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी सासूबाई मला चुलीपाशी म्हणाल्या, "हे असेच बसून राह्यले त जगत नाई."

दुकान बंद पडलं असतं म्हणून आम्ही उपाशी मेलो नसतो. माझा नवरा रोज पहाटे मूलहून गाडीनं बल्लारपूरला कामाला जातो, थोडी धानाची शेती आहे. प्रश्न सासऱ्यांचा होता. चाळीस वर्षं ज्या माणसाला लोक "भाऊ, हे पाह्य बरं जरा" म्हणत आले, त्याला कुणी काही दाखवायलाच आलं नाही तर तो दिवसभर करील काय? आणि भाऊला दिसत नाही हे एकदा बाजारात पसरलं की कोण येणार होतं? त्यांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, डोळ्याची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये.

मी म्हटलं, "मामाजी, मले शिकवा."

ते म्हणाले, "हात भाजते."

"भाकरी टाकतानी बी भाजते."

यावर ते खाटेवरून उठले आणि दुकानाकडे चालू लागले. तोच होकार होता.

आमच्याकडे सासऱ्यासमोर सून डोक्यावर पदर घेते. मी बारावी शिकलेली, मोबाईलवर बँकेचं सगळं करणारी, पण सासऱ्यासमोर पदर घेतला नाही असं कधी झालं नव्हतं. तसाच पदर घेऊन पहिल्या दिवशी ज्योतीसमोर बसले. ज्योत पेटवली, वाकले, आणि पदर कपाळावरून घसरून पुढे आला. जळक्या नायलॉनचा वास मला आला त्याच्या आधी त्यांना आला. त्यांनी गॅस बंद केला. माझ्या नव्या साडीच्या काठाला रुपयाएवढं भोक पडलं होतं. मी रडले नाही, चिडले. साडीवर, गॅसवर आणि पदर घ्यायची रीत ज्यानं काढली त्याच्यावरही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले तर सासऱ्यांनी आपलं स्टूल उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवलं होतं. माझी जागा त्यांच्या मागे, आडोशाला. रस्त्याकडे बघतच म्हणाले, "पदर कमरेले खोच. म्या पाहून नाई राह्यलो."

मर्यादा मी पाळायची होती ती त्यांनी पाळली. आजही ते आठवलं की मला त्या माणसाचा लाड करावासा वाटतो. सुनेनं सासऱ्याचा लाड करायची रीत नाही, म्हणून मी त्यांच्या चहात साखर जास्त घालते.

पण ज्याच्याकडे पाठ आहे त्याला शिकवायचं कसं? ते कानानं शिकवू लागले. ज्योत फसफसली की म्हणत, "हवा जास्त झाली, कमी कर." ज्योत मऊ, सुरसुर वाहू लागली की म्हणत, "हं, आता." पितळेला झाळताना सांध्यावर सुहागा टाकतात, म्हणजे मळ खाणारं पांढरं मीठ. तापलं की ते आधी फुगतं, चुरचुरतं, मग काचेसारखं पातळ होऊन शांत होतं. ते रस्त्याकडे बघत त्या चुरचुरीवर कान ठेवून असत. "थांब. अजून बोलून राह्यला थो. गप झाला का कांडी लाव." आणि मी घाई करून भांडं जास्त तापवलं तर पांढरा धूर निघायच्या आत त्यांचं नाक वर व्हायचं. "जाळली."

मी जाळलीही पुष्कळ. कांडीचं पितळ जरा लवकर पाघळतं, भांड्याचं जरा उशिरा, आणि त्या जराशा फटीत सगळं काम उरकायचं असतं. पहिल्या परातीचं भोक मी बोटाएवढं होतं ते मुठीएवढं केलं. परात आमच्याच घरची होती म्हणून निभावलं. एकदा चिडून कांडी भिंतीवर फेकली. ते शांतपणे म्हणाले, "कांडीनं काय केलं तुयं? उचल. वाकडी झाली असंन त सरळ कर." त्यांचा सगळ्यात आवडता धडा मात्र घासायचा होता. मळक्या धातूवर झाळ बसत नाही, तरंगते आणि सुटते. "चमकेपर्यंत घास," हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकलं असेल. पुढे पुढे ते म्हणायच्या आधीच माझा कानशीचा हात सुरू व्हायचा.

वर्षभरात हात बसला. गिऱ्हाईक यायचं, भांडं सासऱ्यांच्या हातात द्यायचं. ते भांडं मागे सरकवायचे, मी आडोशाला झाळायचे, थंड करून पुढे सरकवायचे. ते अंगठ्यानं सांधा चाचपून द्यायचे. कुणी म्हणालं, "भाऊ, काय झाळ मारली," तर ते नुसते हसायचे. 'म्या केली' असं म्हणाले नाहीत, 'सुनेनं केली' असंही म्हणाले नाहीत. मला कधी कधी राग यायचा. पण त्या हसण्यात त्यांची चाळीस वर्षं शाबूत होती, म्हणून मी तो गिळायचे.

असं करत शिकायला लागल्याला दीड वर्ष झालं. मग एका बाजाराच्या दिवशी ती बाई आली.

ती आतल्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली, सासऱ्यांपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली आणि कमरेवर पितळेचा गुंड. यापूर्वीही ती दोनदा भांडी घेऊन आली होती. गुंड सासऱ्यांपुढे ठेवून म्हणाली, "भाऊ, गळ्यापाशी पाझरून राह्यला. भावानं देल्ला हाये. नवीन घे म्हणते पोरगा, म्या नाई घेत." आणि मोह विकायला बाजारात निघून गेली.

गुंड मागे माझ्याकडे आला. गळा आणि पोट जिथं जोडलेलं असतं तिथं बोटभर चीर होती. सगळ्या गळ्याभोवती धुराचं आणि चिंचेचं काळं-हिरवं किटण बसलेलं. त्यात बारीक बारीक खड्डे दिसले. मला वाटलं, पितळ खाल्लं गेलंय. मी कानस घेतली आणि चीर मध्ये ठेवून चारी बाजूंनी घासत सुटले. मागून, म्हणजे पुढून, आवाज आला, "चमकेपर्यंत घास." मी चमकेपर्यंत घासलं.

शेवटी फडक्यानं पुसलं तर चमकत्या पट्ट्याच्या अगदी कडेला तीन अक्षरं उरली होती. 'कडून'.

मी कानस खाली ठेवली. आमच्याकडे भांडं भेट दिलं की त्यावर नाव टाकून देतात. बारीक छिन्नीनं ठिपका ठिपका ठोकून, कुणाला दिलं, कुणी दिलं. मी ज्यांना खड्डे समजले ते तिच्या भावाचे ठिपके होते. पाठ वळवून बसलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं, आणि ज्या माणसाला दिसत होतं त्या मला घासायचीच हौस.

खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो असा की बाई निरक्षर आहे, काही कळणार नाही. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

"काऊन थांबली?" सासऱ्यांनी विचारलं. कानशीचा आवाज बंद झालेला त्यांना कळला होता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खड्डे, किटण, 'कडून'. रस्त्यावरून एक मालगाडीएवढा लांब वाटणारा ट्रक गेला. मग त्यांनी स्टूल उचललं, वळवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसले. दीड वर्षात पहिल्यांदा. माझा हात पदराकडे गेला, तर म्हणाले, "राहू दे थे. गुंड दे इकडं."

त्यांनी बाहेरून अंगठा फिरवला. तिथं काहीच नव्हतं, माझ्या कानशीनं आरसा केला होता. मग त्यांनी गुंडाच्या तोंडातून हात आत घातला आणि आतल्या बाजूनं बोट फिरवू लागले. बराच वेळ. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"हाये," ते म्हणाले. "आतून हाये."

तरुणपणी मार्कंड्याच्या जत्रेत ते भांड्यांवर नावं टाकायचे हे मला तेव्हा कळलं. पत्रा पातळ असला की छिन्नीचा ठोका पलीकडे उमटतो, अगदी बारीक पुरळासारखा. बाहेरचं मी खाऊन टाकलं होतं, पण आतलं जागेवर होतं. फक्त उलटं. मी चिंच आणि राख लावून आतला गाळ काढला, आणि ते डोळे मिटून बोटानं एकेक अक्षर वाचू लागले. मी खडूनं जमिनीवर लिहीत गेले. दोन अक्षरांवर आमचा वाद झाला, एक अक्षर त्यांनी चार वेळा चाचपलं. अर्ध्या तासानं जमिनीवर त्या बाईचं नाव होतं, त्यापुढे 'हिस', मग रिकामी जागा, मग 'भाऊ', भावाचं नाव आणि शेवटी बाहेर उरलेलं 'कडून'. रिकाम्या जागेतला शब्द नेमका चिरेवर होता. तिथं बोटाला काही लागत नव्हतं.

"मोठा असंन, नाई त धाकटा," मी म्हटलं. "नाई त 'प्रिय' टाकून देऊ. छान दिसते."

"आपल्या मनचं नाई टाकाचं. तिले इचारू."

"मंग घासलं थे बी सांगावं लागंन."

"सांगू."

त्या दिवशीची झाळ मी विसरणार नाही. ते समोर बसले होते, डोळ्यांवर तळहात ठेवून. मी ज्योत मऊ केली, सुहागा टाकला, तो चुरचुरला, गप्प झाला, आणि ते काही म्हणायच्या आत मी कांडी लावली. पितळ चिरेत असं पळत गेलं की जणू तिथंच जायचं होतं. गुंड पाण्यानं भरून ठेवला. एक थेंब नाही. मग त्यांनी मला छिन्नी कशी धरायची ते जुन्या टिनावर दाखवलं, हात माझ्या हातावर ठेवून, आणि मी एक शब्द सोडून सगळं नाव पुन्हा टाकलं. माझी अक्षरं पहिल्यांदा पाटी गिरवणाऱ्या पोरासारखी आली. पण वाचता येत होती.

दुपार कलली तशी बाई आली. मी आडोशातून बाहेर आले आणि तिला सांगितलं, "बाई, तुमच्या गुंडावरचं नाव मायाकडून घासल्या गेलं. समजलं नाई मले. आतून वाचून पुन्हा टाकलं, पण एक शब्द राह्यला."

ती खाली बसली. गुंड मांडीवर घेतला आणि अंगठा गळ्याशी नेला. तिचा अंगठा न बघता बरोबर त्याच जागेवर गेला, रोजच्या सवयीनं. तिथं आता दुसरेच ठिपके होते. ती अंगठा फिरवत राहिली. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊ मोठा का लाहान?" सासऱ्यांनी विचारलं.

"तम्मुर," ती म्हणाली. गोंडीत पाठच्या भावाला तम्मुर म्हणतात. "लाहान. माय मेली तवा चालत बी नोता. म्या कडीवर वागवला. पयल्या वर्सी तेंदूपत्ता तोडाले गेला, पैसे भेटले, त हा गुंड घेऊन उभा राह्यला मायासमोर. सोतासाठी चप्पल नाई घेतली." थोडं थांबून म्हणाली, "पाच वर्सं झाले, गेला."

मी छिन्नी घेतली. "मंग 'धाकटा' टाकतो," म्हटलं, आणि तिला ऐकवावं म्हणून सगळं वाचून दाखवलं, तिचं नाव आधी, मग भावाचं.

तिनं मान वर केली. "मायं नाव बी हाये?"

"पयलं तुमचंच हाये."

"म्या समजत होती, त्याचंच हाये फकस्त," ती म्हणाली. इतकी वर्षं तो गुंड तिनं कमरेवर वागवला होता आणि त्यावर आपलं नाव आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं गुंड मांडीत घट्ट धरला आणि मी तिच्यासमोर शेवटचा शब्द ठोकू लागले. ठोकता ठोकता माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की ठिपके वाकडे पडतात, म्हणून थांबून पुसावे लागले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या सासऱ्यांकडे. "भाऊ, हे पोरगी काऊन ठोकून राह्यली? तुमी काऊन नाई?"

हात दुखतो, पाठ भरली, अशी दहा कारणं आमच्याकडे तयार असायची. त्यातलं एक मी देणारच होते, तोंड उघडलंही होतं.

"मले दिसत नाई, बाई," सासरे म्हणाले. "दीड वर्स झालं. हे झाळ बी सुनेनंच मारली. याच्या पयले तुमी नेलं, थे बी तिचंच काम."

बाजारातून परतणारी दोन माणसं दुकानाशी थबकली होती. त्यांनी ऐकलं. सासऱ्यांना ती धड दिसत नव्हती, पण त्यांच्या पायांचा आवाज त्यांना आला होता हे मला पक्कं माहीत आहे. तरी ते बोलले होते.

बाईनं गुंड उलटासुलटा करून पाहिला. "तुमाले दिसत असतं त नाव राह्यलं असतं," ती म्हणाली.

"हो. राह्यलं असतं."

तिनं पुन्हा एकदा ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, या वेळी पहिल्या अक्षरांवरून, जिथं तिचं स्वतःचं नाव होतं. "पण मंग मले वाचून कोनं दाखवलं असतं?" असं म्हणून ती उठली, गुंड कमरेवर घेतला आणि मला म्हणाली, "पुढच्या बाजारी परात आणतो. तुयाकडं."

ती गेली. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते कोलमडतील अशी मला भीती होती. दीड वर्ष आम्ही सगळ्यांनी जे झाकून ठेवलं होतं ते त्यांनी एका वाक्यात रस्त्यावर ठेवलं होतं. ते नुसते बसले होते, कान रस्त्याकडे.

थांबलेल्या दोन माणसांपैकी एकजण पुढे आला. त्याच्या खांद्यावर फवारणीचा जुना पितळी पंप होता, टाकी तळाशी फाटलेली. सवयीनं त्यानं पंप सासऱ्यांपुढे धरला. "भाऊ, हे पाह्य बरं जरा."

त्यांनी हात पुढे केला नाही. "सुनेले दाखव," ते म्हणाले. "मिस्त्री थेच हाये आता. म्या आवाज आयकतो."

मी पंप घेतला आणि टाकी उलटी करून तळ बघू लागले. फाट मोठी नव्हती, रांग्याच्या डागावर निभावणार होती. तसं मी त्या माणसाला सांगितलं. सासऱ्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "चमकेपर्यंत घास. पण आधी पाह्य."